घड्याळावर नको, गोळ्यांवर बोला

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका पुण्यात नोकरी करतात. आईवडील सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. वडील ७३ वर्षांचे, हायस्कूलमधून निवृत्त झालेले विज्ञानशिक्षक. पंधरा वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब. चार महिन्यांपूर्वी गावातल्या मंगल कार्यालयात भरलेल्या ‘मोफत आरोग्य शिबिरा’त त्यांनी २८ हजार रुपयांचं लेझर घड्याळ घेतलं. रोज अर्धा तास मनगटावर बांधायचं. लाल किरणं रक्तात शिरून रक्त शुद्ध आणि पातळ करतात, साखर आणि बीपी आपोआप ताब्यात येतात, असं तिथे सांगण्यात आलं. बाबांची साखर घड्याळ बांधण्याआधी १८६ होती, अर्ध्या तासाने १६५ भरली. पडद्यावर त्यांच्या रक्ताचा थेंबही ‘आधी’ आणि ‘नंतर’ असा दाखवला. शिबिर भरवणारे गृहस्थ बाबांचेच जुने सहकारी शिक्षक. घड्याळ आल्यापासून बाबांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या आपल्या मनाने निम्म्या केल्या आहेत. ‘दुपारच्या जेवणाआधी हातपाय थरथरायचे, घाम यायचा, ते सगळं गेलं’ असं ते सांगतात. आता बीपीची गोळी बंद करायचा, आईच्या गुडघ्यांसाठी ८५ हजारांचं मोठं लेझर यंत्र घ्यायचा आणि स्वतः वितरक व्हायचा विचार चालू आहे. लेकीने फोनवर ‘तुम्हाला फसवलंय’ म्हटल्यापासून बोलणं तुटक झालंय. त्या विचारतात: जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे थोतांड आहे हे कसं पटवायचं? की अपाय तर काही होत नाही, म्हणून त्यांच्या समाधानासाठी गप्प बसायचं?

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: जेवणाआधीची थरथर आणि घाम गेला. बाबा किती भाबडे झालेत हे दाखवायला तुम्ही ती लिहिलीत. मला तिच्यात दुसरंच काही दिसतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. माणूस जेवला की नाही याची ती वाट बघत नाही. सत्तरी ओलांडल्यावर जेवण घटतं, मूत्रपिंडाचं काम मंदावतं, सकाळच्या वाटीभर पोह्यांवर दीड वाजेपर्यंत काढलं जातं. गोळी मात्र कित्येक वर्षांपूर्वी लिहून दिलेली तीच चालू असते. अशा वेळी साखर ७०च्या खाली घसरू शकते. मग हातपाय थरथरतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. मी बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगणार नाही, पण त्यांनी केलेलं वर्णन अगदी असंच आहे. गोळी निम्मी झाली, साखर घसरायची थांबली, थरथर गेली. नेमकं त्याच सुमारास मनगटावर घड्याळ आलं होतं, म्हणून श्रेय त्याला मिळालं.

म्हणजे बाबांना बरं वाटतंय ते बहुधा खरोखरचं बरं वाटणं आहे. ज्याला स्वतःच्या अंगात फरक जाणवतोय त्याला ‘तुम्हाला फसवलंय’ म्हटलं, तर तो तुमचं का ऐकेल? तुम्ही त्यांचा अनुभवच नाकारलात. वाद घालायचाच तर त्या अनुभवाच्या कारणाबद्दल घाला, आणि तोही आज नको.

आज दुसरं काम आहे. साखर कमी झाली की माणसाला ती बहुतेकदा लगेच जाणवते. वाढली तर जाणवतेच असं नाही. दोनशे-सव्वादोनशेवर महिनोन्‌महिने काढणारी माणसं ‘मी ठणठणीत आहे’ असं सांगतात, आणि तेवढ्या काळात डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, पायांच्या नसा यांचं व्हायचं ते नुकसान होत राहतं. थरथर गेली म्हणून सगळं आलबेल आहे असं धरता येत नाही. बीपीचंही तसंच. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना काहीच सांगत नाही. कधीकधी पक्षाघाताचा झटका येतो तेव्हाच पहिल्यांदा कळतं. शिवाय बीपीच्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर दाब उसळी मारून पूर्वीपेक्षा वर जातो. म्हणून एवढी एकच विनंती बाबांना करा: बीपीच्या गोळीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. घड्याळ बांधायचं असेल तर खुशाल बांधा.

हे वाचून तुम्हाला मी घड्याळवाल्यांच्या बाजूचा वाटेन. पण भांडण कशावरून करायचं हे ठरवावं लागतं. घड्याळ बांधल्याने फार तर २८ हजार जातात, आणि ते गेलेच आहेत. गोळ्या सोडल्याने माणूस जाऊ शकतो.

पुढच्या आठवड्यात गावी जा आणि बाबांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. सकाळची उपाशीपोटी साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर, एचबीएवनसी आणि मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या. एचबीएवनसीमध्ये साधारण गेल्या तीन महिन्यांची सरासरी कळते, आणि घड्याळाला चार महिने झालेत, म्हणजे हा आकडा घड्याळाच्याच काळाचा हिशेब देईल. गोळ्या निम्म्या केल्याचं डॉक्टरांपासून लपवू नका, घड्याळाचंही लपवू नका. जमलं तर बाबांनाच सांगू द्या. ते दुपारच्या थरथरीचं स्वतःच्या तोंडाने बोलले तर डॉक्टर कदाचित ग्लिमेपिराइड खरंच कमी करतील, किंवा बदलतील. वय झालेल्या माणसाच्या साखरेचं उद्दिष्ट तरुणांपेक्षा थोडं सैल ठेवतात. तिथे साखर फार उतरण्याचा धोका मोठा. बाबांचा ‘गोळ्या जास्त होत होत्या’ हा अंदाज अर्धा बरोबर निघाला, तर त्यांचा मानही राहील आणि औषधही ताळ्यावर येईल.

आता तुमचा मुख्य प्रश्न. विज्ञानशिक्षक माणूस कसा फसला? या प्रश्नात असं गृहीत आहे की विज्ञान शिकलेला माणूस अशा गोष्टींना बळी पडत नाही. मला तर उलटंच दिसतं. ताईत विकणारा बाबांच्या दारात उभा राहू शकला नसता. पण ‘६५० नॅनोमीटर’, ‘सेमीकंडक्टर लेझर’, ‘मायटोकॉन्ड्रिया’ ही भाषा त्यांच्या ओळखीची. प्रकाशाचा धडा त्यांनी तीस-पस्तीस वर्षं फळ्यावर शिकवला असेल. शिबिरातल्या माणसाने त्यांच्याच विषयातून त्यांना हाक मारली.

आणि लेझरवर आपला विश्वास काही उगाच बसलेला नाही. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर वाढणाऱ्या नको त्या रक्तवाहिन्या लेझरने रोखतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भिंगामागचा पापुद्रा पुन्हा धुरकट झाला तर तो लेझरने काही मिनिटांत उघडतात. मुतखडे फोडतात. तुमच्या नात्यात कुणाला तरी यातलं काही झालं असेलच. मात्र या सगळ्यात लेझर एका नेमक्या जागी जाळतो, कापतो किंवा फोडतो, आणि काय झालं ते डॉक्टरला डोळ्यांनी दिसतं. मनगटावरच्या घड्याळातला एकेक किरण साधारण ५ मिलिवॉटचा, म्हणजे सभागृहात पडद्यावर लाल ठिपका दाखवणाऱ्या पॉइंटरएवढा. दोघांचं नाव एक, काम सर्वस्वी वेगळं.

कमी ताकदीच्या लेझरची गोष्टही सगळीच बनावट नाही. तुम्ही ‘सगळं थोतांड’ म्हणालात की बाबा इंटरनेटवरून दोन शोधनिबंध काढून तुमच्यापुढे ठेवतील, आणि ते निबंध खरे असतील. थिओडोर मायमनने पहिला लेझर १९६० साली चालवून दाखवला. त्यानंतर सातच वर्षांनी बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर या डॉक्टरने केस भादरलेल्या उंदरांवर माणकाच्या लेझरचा मंद प्रकाश टाकला. त्याला लेझरने अपाय होतो का ते बघायचं होतं. अपाय दिसला नाही, उलट प्रकाश पडलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. तिथून जखमा, दुखणी, सूज यांवर मंद लेझरचे प्रयोग सुरू झाले ते आजही चालू आहेत. त्यातून काय हाती लागलं? केमोथेरपी आणि रेडिएशन घेणाऱ्या रुग्णांच्या तोंडात जे भयानक फोड येतात ते टाळण्यासाठी हा उपचार आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. मानदुखीत काही चाचण्यांत थोडा फायदा दिसला. गुडघ्यांच्या बाबतीत निकाल उलटसुलट. उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ साली सांधेझिजेच्या रुग्णांना लेझर देऊ नये असं सांगितलं, कारण फायद्याचा पुरेसा पुरावा नाही.

मनगटावरून रक्तावर प्रकाश टाकायची कल्पनाही हवेतून आलेली नाही. सोव्हिएत संघात १९८०च्या दशकात शिरेत बारीक तंतू घालून आतून रक्तावर लेझर सोडायचे प्रयोग झाले. घड्याळवाल्यांनी ती कल्पना उचलली आणि तंतू काढून टाकला. आता प्रकाश कातडीवरून आत जाणार, म्हणजे वाटेत कातडी, तिच्यातलं रंगद्रव्य आणि चरबी आली. बाबांना एक हिशेब करायला सांगा, ते आनंदाने करतील. ५ मिलिवॉटचा एक किरण अर्धा तास चालला तर ९ ज्यूल ऊर्जा. असे दहा किरण धरले तर ९०. एवढ्या ऊर्जेने १०० मिलिलिटर पाण्याचं तापमान पाव अंशही वाढत नाही. यावर विक्रेता म्हणेल की परिणाम उष्णतेचा नसून पेशीतल्या रसायनांवरचा आहे. ठीक, तेही धरून चालू. पण रक्तातली साखर मनगटात ठरत नाही. स्वादुपिंड, यकृत आणि स्नायू मिळून ती ठरवतात, आणि मनगटावरचा लाल उजेड त्यांच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचतो हे एकाही पत्रकात सापडणार नाही.

‘रक्त पातळ करतं’ हा दावा तर माझा आवडता आहे. रक्त पातळ करणारी खरी औषधं घेणाऱ्यांना डॉक्टर दहा वेळा बजावतात: दात काढताना सांगा, पडलात तर ताबडतोब दाखवा, काळी शी झाली तर दुर्लक्ष करू नका. रक्त खरंच पातळ करणाऱ्या वस्तूपासून रक्तस्रावाचा धोका असतोच. घड्याळ मात्र रक्त पातळ करतं आणि दुष्परिणाम शून्य! बाबांना हे दोन्ही दावे शेजारी शेजारी लिहायला सांगा.

शिबिरातल्या पुराव्यांकडे वळतो, कारण बाबांचा विश्वास पत्रकावर बसलेला नाही, डोळ्यांनी पाहिलेल्यावर बसलाय. १८६ची साखर अर्ध्या तासात १६५ झाली. ग्लुकोमीटरची आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मान्य असलेली चूकच १५ टक्के इकडेतिकडे आहे. १८६चे १५ टक्के म्हणजे जवळपास २८. फरक २१चा. त्याच बोटातून लागोपाठ दोन पट्ट्या लावल्या तरी एवढा फरक येऊ शकतो. त्यात शिबिर सकाळचं असेल आणि लोक नाश्ता करून आले असतील, तर पहिलं माप साखर चढलेली असताना घेतलं जातं आणि दुसरं ती उतरताना. घड्याळाच्या जागी मनगटाला नाडा बांधला असता तरी निम्म्याअधिक लोकांची साखर उतरलेलीच दिसली असती.

पडद्यावरच्या थेंबाचं तसंच. ‘आधी’च्या चित्रात तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या, ‘नंतर’च्या चित्रात सुट्या सुट्या. फार परिणामकारक दिसतं, मान्य. पण पेशी चिकटलेल्या दिसणार की सुट्या, हे काचपट्टीवरचा थेंब किती जाड पडला, वरची काच किती दाबली, थेंब किती वेळ सुकत राहिला यावर फार अवलंबून असतं. एकाच थेंबाच्या एका कडेला चळती आणि दुसऱ्या कडेला सुट्या पेशी सापडतात. मायक्रोस्कोप कुठे सरकवायचा ते दाखवणाऱ्याच्या हातात. शाळेच्या प्रयोगशाळेत कांद्याची साल काचेखाली ठेवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही, फक्त आठवण करून द्यावी लागेल.

तर पटवायचं कसं? पटवू नका. त्यांना प्रयोग करायला द्या. डॉक्टरांनी गोळ्या ठरवून दिल्या की पुढचे दोन महिने त्यांत काहीही बदल करायचा नाही, ही पहिली अट. जेवणाच्या वेळा आणि चालणं नेहमीसारखं. घड्याळाच्या खालच्या बाजूला जिथून लाल ठिपके येतात तिथे दोन-दोन आठवडे चिकटपट्टी लावायची, दोनदा काळी आणि दोनदा पारदर्शक. असे चार टप्पे. कोणत्या टप्प्यात कोणती पट्टी हे आईने चिठ्ठी टाकून ठरवायचं, वहीत लिहून वही कपाटात ठेवायची. घड्याळ आईनेच बांधायचं आणि वर रुमाल गुंडाळायचा, म्हणजे उजेड दिसणार नाही. बाबांनी रोज सकाळी एकाच वेळी उपाशीपोटी साखर आणि बीपी मोजून दुसऱ्या वहीत लिहायचं. मध्येच साखर किंवा बीपी डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेबाहेर गेलं तर प्रयोग तिथेच थांबवायचा. दोन महिन्यांनी दोन्ही वह्या शेजारी उघडायच्या आणि सरासऱ्या काढायच्या. दहा-पंधराचा फरक आला तर तो मीटरचाच असू शकतो, हे आधीच ठरवून घ्या. नंतर ठरवलं की प्रत्येक जण आपल्या बाजूने ओढतो.

फोनवर काय बोलायचं तेही सुचवतो. ‘बाबा, मी त्या दिवशी घाईने बोलले. तुम्हाला बरं वाटतंय हे चांगलंच आहे. पण ते गोळी कमी झाल्याने की घड्याळाने, हे तुमच्याशिवाय घरात कुणाला शोधता येणार?’ हे गोड बोलून फसवणं नाही. खरंच त्यांच्याशिवाय कुणाला येणार नाही.

ते प्रयोगाला नाही म्हणाले तर? म्हणू देत. एचबीएवनसी दर तीन महिन्यांनी करायचं एवढं कबूल करून घ्या आणि घड्याळाचा विषय सोडा.

वितरक होण्याचा विचार मात्र मला घड्याळाहून जास्त खटकतो. आज बाबा ग्राहक आहेत. उद्या ते शेजारच्या काकांना ‘माझी शुगर उतरली, तुम्हीही घ्या’ सांगतील, आणि काका इन्शुलिनवर असतील. या धंद्याचं भांडवल म्हणजे निवृत्त शिक्षकांची गावातली पत. त्या जुन्या सहकाऱ्यांबद्दलही राग धरू नका. त्यांच्या घरात न विकलेली घड्याळं पडून असण्याची शक्यता मोठी आहे, आणि बाबांना साखळीत घेतलं की त्यांचा थोडा भार उतरणार. थेट विक्रीसाठी २०२१ साली केलेल्या नियमांत माणसं जोडण्यावर चालणाऱ्या पिरॅमिड योजनांना बंदी आहे. बाबांना त्या सरांसमोर एकच प्रश्न विचारायला सांगा: कमिशन घड्याळ विकल्याचं मिळतं की माणूस जोडल्याचं?

अमेरिकेतलं एक प्रकरण बाबांना नक्की सांगा. साउथ डकोटा राज्यातला रॉबर्ट लॅरी लाइटल हा मूळचा दंतवैद्य, परवाना रद्द झालेला. तो ‘क्यूलेझर’ नावाची, हातात धरून वापरायची लेझर यंत्रं विकायचा. औषधं आणि उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या एफडीए या सरकारी संस्थेने त्यातल्या एका यंत्राला एवढ्याच कामासाठी मुभा दिली होती: हाताच्या सांधेझिजेच्या वेदनेला तात्पुरता आराम. लाइटल त्याच जातीची यंत्रं कर्करोग, मधुमेह, हृदयविकार धरून दोनशेहून अधिक आजारांवर विकत होता, आणि गिऱ्हाइकं बहुतेक वयस्कर. ग्राहकांकडून गोळा केलेली रक्कम १ कोटी ६० लाख डॉलरच्या वर गेली. २०१८ साली न्यायालयाने त्याला बारा वर्षांची शिक्षा सुनावली, तेव्हा तो ८३ वर्षांचा होता. हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते शिक्षेमुळे नव्हे, त्या एका छोट्या खऱ्या परवानगीमुळे. ‘आमच्याकडे एफडीएचा कागद आहे’ हे वाक्य तिथे अगदीच खोटं नव्हतं. कागदावर कोणत्या दुखण्याचं नाव आहे, एवढंच कुणी वाचलं नाही.

म्हणून शिबिरात भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्रांचे फोटो काढा आणि नीट वाचा. आयएसओचं प्रमाणपत्र कारखान्याच्या कामाच्या पद्धतीबद्दल असतं; उपचार लागू पडतो असं ते म्हणत नाही. ‘एफडीए रजिस्टर्ड’ म्हणजे कंपनीचं नाव तिथल्या यादीत आहे, मान्यता नव्हे. आपल्याकडे २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आणि ऑक्टोबर २०२३ पर्यंत टप्प्याटप्प्याने बहुतेक सगळ्यांना परवाना सक्तीचा झाला. विक्रेत्याकडे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचा परवाना क्रमांक मागा, आणि त्या परवान्यात उपकरणाचा हेतू काय लिहिलाय तेही मागा. मग सगळ्यात साधी परीक्षा: ‘हे घड्याळ मधुमेह बरा करतं’ हे वाक्य पक्क्या बिलावर सहीनिशी लिहून द्या म्हणावं. कुणी लिहून देणार नाही. १९५४च्या ‘औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती)’ कायद्याच्या यादीत मधुमेह आणि उच्च रक्तदाब दोन्ही आहेत. ते बरे करण्याची जाहिरात करणं गुन्हा आहे, आणि शरीराच्या कामावर परिणाम करण्यासाठी विकलेली वस्तूही त्यात येते. म्हणूनच पत्रकावर ‘वेलनेस’ छापलेलं असतं, आणि मधुमेहाचं नाव फक्त माइकवरून घेतलं जातं.

आईच्या गुडघ्यांबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण पैसा वाचवायची खरी जागा तीच. ८५ हजार रुपयांत गावातल्या फिजिओथेरपिस्टची फी कित्येक महिने निघेल. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि वजन जास्त असेल तर थोडं उतरवणं, या दोन गोष्टींना गुडघेझिजेत जितका पुरावा आहे तितका कोणत्याही दिव्याला नाही. गुडघेदुखी भरती-ओहोटीसारखी कमीजास्त होत असते आणि माणूस यंत्र घेतो ते दुखणं कळसाला असताना. पुढे दुखणं आपसूक उतरतं आणि श्रेय यंत्राला मिळतं. फिजिओथेरपिस्टने व्यायामाबरोबर काही वेळा लेझर दिलाच तर घाबरायचं कारण नाही. घरी विकत घेऊन ठेवायची ती गोष्ट नव्हे, एवढंच. आणि घड्याळासोबत नाकात लावायची लाल दिव्याची क्लिप आली असेल तर ती नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. किरण थेट डोळ्यात जाता कामा नये.

‘अपाय नाही, मग गप्प बसू का?’ या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आलंच आहे. घड्याळाबाबत गप्प बसलात तरी चालेल. गोळ्या, वितरकी आणि ८५ हजार या तिन्हीबाबत नाही.

राहिले २८ हजार. पावती पक्की असो वा कच्ची, ती आणि पत्रक जपून ठेवा. त्या पत्रकात आजाराचं नाव छापलेलं असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. पैसे परत मागायचे तर आधी विक्रेत्याला लेखी पत्र, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद, आणि त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग; पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण ही वाट बाबांना विचारल्याशिवाय धरू नका. पैसे त्यांचे आहेत आणि समोरचा माणूस त्यांचा मित्र आहे. आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, त्यातले चारच महिने गेलेत. आधी डॉक्टरांकडची भेट उरकू द्या.